जामीन म्हणजे जमीन नव्हे

प्रश्न : ताई, नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातली आहे, गावाचं नाव छापू नका. माझा मुलगा सोळा वर्षं चार महिन्यांचा आहे. नववीनंतर शाळा सुटली, आता माझ्यासोबत मजुरीला येतो. दिवाळीच्या आधी गावातल्या दोन मोठ्या पोरांनी त्याला रात्री सोबत नेलं आणि एका विहिरीवरच्या मोटारपंपाची केबल कापली, तांब्यासाठी. ती पोरं बावीस-पंचवीसची आहेत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोलीस त्याला घेऊन गेले. मला रात्री तिथं बसू दिलं नाही. मग दुपारी जिल्ह्याच्या गावी बाल न्याय मंडळापुढं नेलं आणि माझ्या ताब्यात दिलं. त्याला आता दोन महिने झाले. पोरगं बोलत नाही. अर्धी भाकर खाते. रात्ररात्र गोठ्यात बसून राहते, गाडीचा आवाज आला की कुटाराच्या ढिगामागं लपते. धाकट्या बहिणीशीही बोलत नाही. ‘मी सही केली नं माय, आता काईच होत नाई,’ एवढंच म्हणते. तारखेला येणार नाही म्हणते. शेजारचे सांगतात बाहेरचं लागलं, बाबाकडं न्या. एका वकिलानं वीस हजार सांगितले. दोन बकऱ्या आहेत, त्या विकू का?
— एक आई

उत्तर : ताई, बकऱ्या विकू नका. वकील फुकट मिळतो, ते पुढं सांगते. आधी पोराचं पाहू.

आज संध्याकाळीच एक काम करा. घरात, गोठ्यात, आढ्याला कुठंही फवारणीचं औषध असेल तर ते घराबाहेर काढा आणि विश्वासातल्या माणसाकडं कुलपात ठेवायला द्या. अर्धी उरलेली बाटलीसुद्धा. पोरगं रात्रभर गोठ्यातच बसतं म्हणता, म्हणून हे सगळ्यांत आधी लिहिते आहे. मग त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा, ‘बेटा, मरून जावं असं वाटते का तुले?’ विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं उचललेलं ओझं कुणाला तरी दिसलं, असं त्याला वाटतं. तो हो म्हणाला, किंवा काहीच न बोलता रडायला लागला, तर त्याला एकटं सोडू नका आणि १४४१६ वर फोन लावा. ही टेली मानस नावाची सरकारी सेवा आहे, २०२२ पासून सुरू आहे. रात्री-बेरात्री लागते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. तो नाही म्हणाला, तरी या आठवड्यात त्याला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडं न्या. आशाताईला सोबत घ्या, तिला कोणत्या वारी कोणती खोली हे माहीत असतं.

पत्र वाचून मी आजाराचं नाव सांगणार नाही, ते डॉक्टरांचं काम आहे. पण दोन महिने झोप नाही, अन्न नाही, बोलणं नाही, याला कुणी ‘नाटक’ म्हणत असेल तर ऐकू नका. बाहेरचं लागलं म्हणणाऱ्यांशी भांडतही बसू नका. अंगारा लावायचा असेल तर लावा, माझी आईही लावायची. पण कुणी पोराला मारत असेल, उपाशी ठेवत असेल, मिरचीची धुरी देत असेल, तर त्या दारात क्षणभर उभं राहू नका. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, मिरचीची धुरी देणं हा राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे.

आता त्या सहीकडं येते. तुमचं पत्र वाचताना माझं बोट दर वेळी त्याच ओळीवर थांबलं.

अठरा वर्षांखालच्या मुलांची प्रकरणं चालवणाऱ्या बाल न्याय मंडळावर मी समाजसेवक सदस्य म्हणून एक मुदत काढली, तीन वर्षं. मंडळात एक दंडाधिकारी असतात आणि दोन समाजसेवक, त्यांतली निदान एक बाई. माझ्या दुसऱ्या वर्षातली गोष्ट. दुचाकी चोरीच्या प्रकरणात पंधरा वर्षांचा एक मुलगा आला होता. दंडाधिकारी मॅडम त्याला म्हणाल्या, ‘तुला जामीन देतो आहोत, आईला बंधपत्र लिहून द्यावं लागेल.’ मुलगा ताडकन उठला. ‘मले नाई पाहिजे जामीन. मले इथंच ठेवा.’ आई रडायला लागली. आमच्या मनात पहिला विचार आला तो घरी मार बसत असेल हा. मी त्याला बाहेर व्हरांड्यात नेलं. तिथं माठ होता, माठावर साखळीनं बांधलेला स्टीलचा पेला. त्यानं लागोपाठ दोन पेले पाणी पिलं, तिसरा भरून हातात धरून ठेवला आणि खाली बघत म्हणाला, ‘दोनच एकर वावर आहे मॅडम. ते लिहून घेतलं त माय काय खाईन?’

जामीन हा शब्द त्याला जमीन असा ऐकू आला होता. पुढचं ‘लिहून द्यावं लागेल’ त्यात नेमकं बसलं. काकाचं वावर सावकारानं लिहून घेतलेलं त्यानं लहानपणी पाहिलं होतं. आईचं वावर वाचवायला तो पोरगा निरीक्षण गृहात, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथं, राहायला तयार झाला होता. त्याआधी पोलिसांनी, मुलाच्या घरची चौकशी करणाऱ्या परिविक्षा अधिकाऱ्यांनी आणि वकिलांनी त्याला विचारलं होतं, ‘समजलं का?’ तिघांनाही त्यानं मान हलवून होकार दिला होता. मीही दिवसभर हाच प्रश्न विचारत असे. त्या दिवसापासून मी तो विचारणं सोडलं. त्याऐवजी म्हणू लागले, ‘आत्ता काय ठरलं, ते मला तुझ्या शब्दांत सांग.’

तुमच्या मुलालाही तसंच विचारा. ‘सही केली म्हणजे काय झालं असं तुले वाटते?’ उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे. आपल्याकडं सही-अंगठ्याचा अर्थ एकच, गेलं. सावकाराच्या कागदावर, सोसायटीच्या कर्जाच्या कागदावर, वाटणीपत्रावर अंगठा उठला की पुढं बोलायला जागा उरत नाही, हे आपली पोरं पाळण्यापासून बघतात. पोलिसांपुढच्या कागदाला मात्र हा नियम लागत नाही. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये हे होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते कलम २३ मध्ये आहे. सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली असेल तर तेवढ्यापुरता वापर होऊ शकतो, ते वकिलाला विचारा. शिवाय बाल न्याय कायद्याखालचे नियम तर म्हणतात की मुलाची जबाबावर सहीच घ्यायची नाही, कबुलीसाठी जबरदस्ती करायची नाही आणि बेडी घालायची नाही. म्हणजे त्या सहीनं त्याचं काहीही ठरलेलं नाही. हे त्याला सांगा. खोटं बोलायला मात्र शिकवू नका. तो त्या रात्री तिथं गेला असेल तर गेला. ‘मी गेलो होतो’ आणि ‘माझं आयुष्य संपलं’ ही दोन वाक्यं त्याच्या डोक्यात एकमेकांना चिकटून बसली आहेत. ती सुटी करायची आहेत.

हे सगळं एका दमात सांगू नका. धास्तावलेल्या, न झोपलेल्या डोक्यात शब्द टिकत नाहीत. पोराला कितीही हुशार समजा, भीती असली की तो फक्त तुमच्या तोंडाकडं बघत असतो, मान कधी हलवली की हे थांबेल ते शोधत असतो. म्हणून दिवसाला एकच गोष्ट सांगा. पोटात चार घास गेल्यावर, दिवसाउजेडी, बकऱ्या चारताना, शेजारी शेजारी चालत. समोरासमोर बसवून नको, ते चौकशीसारखं होतं. पहिल्या दिवशी सहीचं. दुसऱ्या दिवशी एवढंच सांगा, ‘तुले तुरुंगात टाकत नाई.’ अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, हे २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम १० मध्ये आहे. तिसऱ्या दिवशी तारखेचं. आणि दर वेळी म्हणा, ‘आता हे धाकटीले समजावून सांग.’ त्याला बहिणीला सांगता आलं तर कळलं. नाही आलं तर दुसऱ्या शब्दांत पुन्हा.

वकिलाचं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे बालकाला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. बाईलाही मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन करा. वकील मिळाल्यावर एक गोष्ट नक्की करा. पोराला त्यांच्याशी पाच-दहा मिनिटं एकटं बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा. मंडळापुढं येणाऱ्या बहुतेक मुलांना वकील म्हणजे काळ्या कोटातले साहेबच वाटायचे, आपण बोललो की ते जाऊन पोलिसांना सांगणार. मोफतचा वकील असेल तर आणखी संशय, ‘सरकारच पैसे देते त सरकारचाच असन.’ म्हणून त्याला स्वच्छ शब्दांत सांगा, हा माणूस तुझा आहे, तू सांगितलेलं तो तुझ्या मर्जीशिवाय कुणाला सांगू शकत नाही. जे पोरगं आईसमोर बोलत नाही, ते कधी कधी अशा वेळी बोलतं.

ठाण्यात गेलेल्या त्या रात्रीचं तुम्ही काही लिहिलं नाही, बहुधा तो सांगत नसेल. कुठं बसवलं, मारलं का, जेवायला दिलं का, हे खोदून विचारू नका. तो आपणहून बोलला तर ऐका आणि वकिलाच्या कानावर घाला, ते मंडळापुढं मांडतील. पोलिसांविरुद्ध मन कलुषित करायला मी हे लिहीत नाही. साध्या कपड्यांत येऊन पोराच्या खांद्यावर हात ठेवणारे, स्वतःच्या डब्यातली पोळी देणारे हवालदार मी पाहिले आहेत. पण ज्या रात्रीनंतर पोरगं गाडीच्या आवाजाला लपतं, ती रात्र कधीतरी कुणीतरी समजून घ्यायला हवी.

तारखेला मंडळापुढं जाणं टाळू नका. तिथं कठडा नसतो, उंच मंचावरून कुणी बोलत नाही. मोठ्यांसोबत घडलेलं असल्यानं गुन्हा नोंदला गेला असेल, पण तुमच्या मुलाचं प्रकरण वेगळं, मंडळापुढंच चालतं. साध्या चोरीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये जास्तीत जास्त तीन वर्षांची शिक्षा आहे, म्हणून बाल न्याय कायद्यात ती किरकोळ गुन्ह्यात मोडते. तुमच्या कागदावर कोणतं कलम लावलं आहे ते वकिलाकडून बघून घ्या. चौकशी पहिल्या हजेरीपासून चार महिन्यांत संपवायची असते, फार तर दोन महिने वाढवून मिळतात. किरकोळ गुन्ह्याची चौकशी तेवढ्यातही संपली नाही तर ती बंद होते. आणि मंडळ काय करतं? समज देऊन सोडतं, समुपदेशनाला पाठवतं, समाजसेवेचं काम देतं, परिविक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली, घरीच ठेवतं. जास्तीत जास्त म्हणजे विशेष गृह, मुलांसाठीचं सुधारगृह, तेही तीन वर्षांच्या वर नाही. तुमच्या पोराच्या मनात या क्षणी काय काय शिक्षा चालू असतील कोण जाणे. माझ्यासमोर एकानं मोबाइल चोरीसाठी ‘फाशी कवा देते?’ असं विचारलं होतं. त्याचा आवाज अगदी शांत होता. तो महिनाभर त्याच तयारीत जगत होता.

ज्या दोघांनी त्याला नेलं, त्यांच्याबद्दलही वकिलाशी बोला. मुलाला गैरकामासाठी वापरणाऱ्या मोठ्या माणसाला बाल न्याय कायद्याच्या कलम ८३ प्रमाणे सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे.

परिविक्षा अधिकारी अजून घरी आले नसतील तर येतील. मुलाची सामाजिक चौकशी करून ते मंडळाला अहवाल देतात. त्यांना घर नीटनेटकं दाखवण्याच्या नादात खरं दडवू नका. तो आधी कसा होता, शाळा का सुटली, वाचता येतं का, लहानपणी डोक्याला मार लागला होता का, फिट यायच्या का, आता रात्री काय करतो, सगळं सांगा. जिल्हा रुग्णालयाचा कागद वकिलाकडं द्या, म्हणजे तो मंडळापुढं जाईल आणि उपचार चालू आहेत हे नोंदलं जाईल. तारखेच्या दिवशी पोराची उभं राहण्याची अवस्था नसेल, तर त्याच कागदावर पुढची तारीख मागता येते. न सांगता गैरहजर राहू नका.

पुढचं पत्र पाठवा. गोठ्यातून तो घरात झोपायला आला का, एवढं जरी कळवलंत तरी मला बरं वाटेल.

प्रश्न : मी मेळघाटातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. मुलं घरी कोरकू बोलतात. मागं शाळेत बालहक्क आणि कायदा यावर व्याख्यान झालं. पाहुण्यांनी शेवटी विचारलं, ‘समजलं ना?’ दोनशे मुलं एका सुरात ‘होऽऽ’ म्हणाली. संध्याकाळी आठवीतला एक मुलगा माझ्याकडं आला आणि म्हणाला, ‘सर, हे हक्क ज्यानं काई केलं नाई त्यालेच असते नं?’ मला चटकन उत्तर सुचलं नाही. हे मुलांना कसं शिकवावं?
— एक शिक्षक, अमरावती जिल्हा

उत्तर : सर, त्या सभागृहात व्याख्यान खऱ्या अर्थानं ऐकलं ते त्या एका मुलानं. त्याला सांगा, ज्यानं केलं त्यालाही असतात, ज्यानं केलं नाही त्यालाही असतात, आणि केलं की नाही हे ठरायच्या आधी तर असतातच.

अमेरिकेत थॉमस ग्रिसो नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या सुमारास हेच तपासलं होतं. पकडल्यावर पोलीस जे हक्क वाचून दाखवतात, ते मुलांना कळतात का? पंधरा वर्षांखालच्या बहुतेकांना ते पुरते कळत नाहीत असं त्यांना दिसलं. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ज्यांना शब्द कळले होते, त्यांच्यातल्याही अनेकांना हक्क म्हणजे साहेबांनी दिलेली सवलत वाटत होती, साहेब रागावले की परत घेता येणारी. समुद्रापलीकडची ती मुलं आणि आपली मुलं यात मला काही फरक दिसला नाही. मी मंडळावर असताना विचारायची, ‘हक्क म्हणजे काय रे?’ सर्वाधिक वेळा आलेलं उत्तर होतं, ‘भावाभावाचा वाटा.’ म्हणजे भांडून घ्यायची वस्तू, आणि धाकट्याच्या वाट्याला नेहमी कमी येणारी. गप्प राहायचा हक्क सांगितला की पोरं हसत. एकानं मला समजावलं, ‘मॅडम, गुरुजीनं इचारलं अन् बोललो नाई त मारते.’ ज्याला आठ वर्षं शाळेत गप्प राहण्याबद्दल मार मिळाला, त्याला ठाण्यात गप्प राहायचा हक्क आहे हे कसं पटेल?

म्हणून सर, सुरुवात तुमच्या वर्गातूनच होते. आधी ‘मले नाई समजलं’ हे वाक्य म्हणायची सवय लावा. जो म्हणेल त्याला शाबासकी द्या. गणिताच्या तासाला हे वाक्य बिनधास्त म्हणणारं पोरगं उद्या मोठ्या माणसासमोरही म्हणेल. मग नाटक करा. एक पोलीस, एक पोरगं, एक आई. पोरानं तीनच वाक्यं म्हणायला शिकायची. ‘माझ्या आई-बापाला बोलवा.’ ‘मला वकील पाहिजे.’ ‘मला हे समजलं नाही, पुन्हा सांगा.’ ही तिन्ही आधी कोरकूत म्हणू द्या, मग मराठीत. बाल न्याय कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मंडळाची भाषा मुलाला कळत नसेल तर दुभाषा पुरवणं ही मंडळाची जबाबदारी आहे. आपल्या विदर्भात कोरकू, गोंडी, कोलामी, गोरमाटी बोलणारी किती घरं आहेत. कोलामी बोलणारा एक मुलगा आमच्यासमोर तीन तारखा नुसता ‘हो’ म्हणत होता. चौथ्या तारखेला त्याच्या मामीनं दोन्हीकडचं सांगितलं तेव्हा कळलं, की कोणत्या घटनेबद्दल विचारतो आहोत हेच त्याला ठाऊक नव्हतं.

शब्दही जपून वापरा. ‘गुन्हेगार’, ‘आरोपी’ म्हणायचं नाही म्हणून कायद्याच्या मराठीत ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. हेतू चांगला आहे. पण आपल्या भागात ‘ग्रस्त’ हा शब्द पोरं कुठं ऐकतात? वडील गेलेल्या एका मुलानं मला विचारलं होतं, ‘आमचं घर आत्महत्याग्रस्त आहे, आता मी हे बी ग्रस्त झालो का?’ त्या वेळी मी त्याला फक्त जवळ घेतलं. मला तेव्हा शब्द मिळाला नव्हता आणि आजही नाही. मी मुलाला त्याच्या नावानं हाक मारते.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, ती इथं लिहिते. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं अतिगंभीर गुन्हा केल्याचं प्रकरण असेल, तर त्याला मोठ्यांसारखं चालवायचं का हे ठरवण्याआधी मंडळाला कलम १५ प्रमाणे त्याची मानसिक क्षमता आणि परिणाम समजण्याची ताकद तपासावी लागते. मंडळावर मानसशास्त्र जाणणारं कुणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. योग्यच सांगितलं. पण केबल, मोबाइल, कोंबडी चोरणाऱ्या मुलाला आपल्यापुढं काय चाललं आहे ते कळतं का, हे बघायला कोणी तज्ज्ञ येत नाही. मुलाचा आणि पालकांचा समजून-उमजून सहभाग प्रत्येक पायरीवर असावा, असं कलम ८ म्हणतं. तो खरोखर समजून-उमजून आहे का, हे तपासणारा माणूस प्रत्येक मंडळाच्या खोलीत बसलेला असावा असं मला वाटतं, आणि संधी मिळेल तिथं मी ते बोलते. तुमच्या वर्गात शिकण्यात मागं पडणारी, पटकन गोंधळणारी, ‘बयाड’ म्हणून चिडवली जाणारी दोन-चार मुलं असतील. मोठी पोरं चोरीला सोबत नेतात ती त्यांनाच, आणि पकडल्यावर सगळ्यात आधी ‘हो’ म्हणतात तीही तीच. त्या मुलांची तपासणी करून दिव्यांगत्वाचा दाखला मिळत असेल तर आत्ताच काढून ठेवा. तो कागद पुढं कुठं लागेल सांगता येत नाही.

प्रश्न : मॅडम, मी आता अठरा पूर्ण आहे. पंधरा वर्षांचा असताना मारामारीत नाव आलं होतं. मंडळानं समज देऊन सोडलं. आता पोलीस भरतीची तयारी करतो, रोज पहाटे चारला डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर धावतो. पण मित्र म्हणतात चारित्र्य पडताळणीत ते निघणारच, काहून पळते उगाच. तेव्हापासून झोप लागत नाही.
— एक वाचक, वाशीम जिल्हा

उत्तर : बेटा, मित्रांना कायदा माहीत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे, मंडळानं निकाली काढलेल्या प्रकरणामुळे तुला कुठलीही अपात्रता चिकटत नाही. कलम ७४ तर पोलिसांनाच सांगतं की निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठी द्यायची नाही. मुलाचं नाव-गाव छापणाऱ्यालाही त्याच कलमात शिक्षा आहे, म्हणून तुझं गावही मी इथं लिहिलेलं नाही. २०१९ मध्ये एका केंद्रीय दलाच्या भरतीचं असंच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. अल्पवयातल्या प्रकरणामुळे उमेदवाराची नोकरी अडवता येत नाही असंच तिथं ठरलं.

तरी अर्जातला तो रकाना मित्रांना विचारून किंवा अंदाजानं भरू नको. मंडळाच्या कार्यालयात अर्ज करून अंतिम आदेशाची प्रत घे. ती घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तिथल्या वकिलाला भरतीचा अर्ज आणि आदेश दोन्ही दाखव, आणि काय लिहायचं ते त्यांच्याकडून समजून घे. समजलं की त्यांना तुझ्या शब्दांत परत सांग, ते हसणार नाहीत. झोपेचं आठ-पंधरा दिवसांत सुधारलं नाही तर पहिल्या उत्तरातला १४४१६ हा टेली मानसचा नंबर तुझ्यासाठीही आहे. भरतीच्या पोरानं असा फोन केला तर नोंद होते, अशी भीती बाळगू नको.

आणि पहाटे अंधारात धावतोस तर पांढरा सदरा घालत जा. कापसाच्या गाड्यांचे दिवस आहेत.